तेवीस गावांचे मास्तर

निगवेकर मास्तरांनी आमच्या हायस्कुलात अठ्ठावीस वर्षं चित्रकला शिकवली आणि त्या अठ्ठावीस वर्षांत एकाही मुलाच्या कागदाला स्वतःची पेन्सिल लावली नाही. मुलाचा घडा वाकडा आला की ते कोटाच्या खिशातून कागदाचा चिटोरा काढत, तो मुलाच्या कागदाशेजारी ठेवत आणि घड्याचा काठ कसा वळतो ते त्या चिटोऱ्यावर दोन रेघांत दाखवत. मग चिटोरा परत खिशात. मुलानं बघितलं तर बघितलं. "कागद त्याचा आहे," ते म्हणत. "त्याच्या ताटात मी जेवायला बसतो का?"

या चिटोऱ्यांमुळे त्यांच्या कोटाचा उजवा खिसा कायम फुगलेला असे आणि कोट धुवायला टाकताना त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, घडे, पेरू, पितळी तांबे आणि माणसांचे कान यांचा ढीग खिडकीत काढून ठेवत.

मास्तरांचे शेरे तीनच होते. "बघितलंय" हा सगळ्यांत वरचा. तो वर्षातून चार-पाच मुलांना मिळे. "बरं आहे" हा मधला, आणि तिसरा "कष्ट घेतलेत". मी इतिहास शिकवायला नवीन लागलो होतो आणि शिक्षकांच्या खोलीत माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं. तिसऱ्या शेऱ्याचा अर्थ मी त्यांना एकदा विचारला.

"समोरच्या वस्तूकडे एकदाही न बघता जो तासभर कागद घासत बसतो, त्याला काय म्हणायचं?" ते म्हणाले. "शिव्या देता येत नाहीत. शाळा आहे."

मुलांना हे माहीत नव्हतं. आमच्या गावात कष्ट या शब्दाला फार मान. तालमीत, शेतात, देवळात, सगळीकडे तो चालतो. त्यामुळे तिसरा शेरा मिळालेली मुलं आनंदात घरी जात आणि पालक तो शेजाऱ्यांना सांगत.

मास्तर भिडस्त नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढची हकीकत वाचून तसा समज होण्याचा संभव आहे. एकदा शाळातपासणीला एक साहेब आले. साहेबांना चित्रकलेतलं कळत असे, निदान तशी त्यांच्या कचेरीत वदंता होती. वर्गातून फिरताना ते एका मुलाजवळ थांबले, त्याची पेन्सिल घेतली आणि त्याच्या मोराला भरघोस पिसारा काढून दिला. मुख्याध्यापक वाहवा म्हणाले. मास्तर पुढे झाले, नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, खाली सही करा."

"सही? कशाला?"

"चित्र आता तुमचं झालं. त्याच्या नावावर कसं ठेवायचं?" आणि त्यांनी मुलासमोर नवा कोरा कागद ठेवला. साहेबांनी सही केली नाही. मुख्याध्यापक पुढे आठ दिवस मास्तरांशी बोलले नाहीत, ते मास्तरांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

असा हा माणूस, आणि त्याला जगात एकाच गोष्टीचा लोभ होता. हॉलंडमधल्या गावांच्या जुन्या चित्रांचा.

याची सुरुवात संस्थान विलीन झालं त्या सुमाराला झाली. त्या एक-दोन वर्षांत आमच्या जुन्या बाजारात भारी माल येत होता. आसपासच्या लहानमोठ्या सरदारांच्या बंगल्यांतली झुंबरं, कसर लागलेल्या कानांचे पेंढा भरलेले वाघ, ज्यांना कालपर्यंत मुजरे केले अशा खुर्च्या, सगळं पोत्यावर मांडलेलं असे. त्यात एका विक्रेत्याकडे मास्तरांना तीन चित्रं सापडली. तो त्यांत चिनी मातीच्या बश्या गुंडाळत होता. शिळाछापावर छापलेली, हातानं रंगवलेली, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. अरुंद उंच घरं, दारातून वाहणारा कालवा, त्यावर कमानीचा पूल, मागे चर्चचा मनोरा, आणि खाली समासात बारीक अक्षरांत गावाचं नाव. मास्तरांनी बश्यांसकट चित्रं घरी आणली. बश्या वहिनींनी ठेवून घेतल्या. पुढच्या सगळ्या व्यवहारात त्यांच्या पदरात पडलेली गोष्ट ती एवढीच.

मग तिनाची पाच झाली, पाचाची अकरा. मुंबईच्या पदपथावरचा एक जुन्या पुस्तकांचा विक्रेता त्यांना कार्डं टाकू लागला. बेळगावच्या एका निवृत्त इंजिनिअरानं दोन चित्रं दिली, त्यांच्या बदल्यात मास्तरांनी त्याच्या मेलेल्या कुत्र्याचं चित्र काढून दिलं, तेही नुसत्या वर्णनावरून. इंजिनिअर रडला म्हणतात. अशी आठ-नऊ वर्षांत तेवीस गावं जमली. डेल्फ्ट, लायडन, हार्लेम, डॉर्ड्रेख्ट, मिडलबर्ग. मास्तर ही नावं आपण वडणगे, कसबा बावडा म्हणतो तशी म्हणत.

चित्रं त्यांनी भिंतीवर लावली नाहीत. उजेडानं रंग उडतो म्हणून ती जाड पुठ्ठ्यांच्या पाकिटात, कपाटाच्या खालच्या फळीवर असत. दर रविवारी सकाळी एक चित्र बाहेर निघे आणि तासभर सोप्यातल्या घडवंचीवर टेकवून ठेवलेलं असे. येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं. सर्वांत आधी बघणारा म्हणजे दूध घालायला येणारा गवळी, रामा.

"आयला मास्तर, पाणी पार उंबऱ्याला टेकलंय की! माणसं आत काय करत्यात? भायेर काढा म्हणावं."

"पूर नाही तो. तिथं कायमचंच पाणी असतं."

"बारा म्हैनं?" रामानं किटली खाली ठेवली. पंचगंगेचा पूर त्यानं गोठ्यात अनुभवलेला होता. "मग वैरण कुठं ठेवत्यात ओ?"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी भिंग काढलं, चित्रावर वाकले आणि बराच वेळ शोधून म्हणाले, "ही बघ. नावेत. गवत भरलंय."

रामानं बघितलं. "हां, मग ठीक हाय." मास्तरांनी नंतर मला सांगितलं, की त्या चित्रात गवताची नाव आहे हे त्यांनाही तोवर दिसलं नव्हतं, आणि रामा शाळेत असता तर त्याला वरचा शेरा मिळाला असता.

वहिनींचं मत वेगळं होतं. "ह्यांची तेवीस गावं आहेत," त्या म्हणत, "आणि माझं माहेर एक, कुरुंदवाड. तिथं न्यायला ह्यांना सवड नाही."

पण मास्तरांना त्या चित्रांत नक्की काय आवडतं हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मनोरे नव्हे, पूल नव्हे. त्यांना रंगवणाऱ्यांच्या चुका आवडत. ही चित्रं दगडावरून काळी छापून निघत आणि मग लांब टेबलावर माणसं ती भराभर रंगवत, एक जण आभाळ, एक जण छपरं, एक जण पाणी. "हे बघा," मास्तर भिंग माझ्या हातात देत, "ही निळ्यावरची बाई. घाईत आहे. डेल्फ्टमध्ये पाणी भिंतीवर चढवलंय, लायडनमध्येही चढवलंय. तीच बाई." ती बाई होती कशावरून, असं मी विचारलं. ते म्हणाले, "पुरुष इतका लाजून चुकत नाही." यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. शंभर वर्षांत ते रंग उडून राखेसारखे झाले होते, आणि तरी ती बाई तिथं होती. तिला कुणी पुसलं नव्हतं, कुणी सुधारलं नव्हतं. मास्तरांना जपायचं होतं ते एवढंच.

मिडलबर्गला त्यांनी एक पत्र पाठवलं होतं. नगरपालिका, मिडलबर्ग, हॉलंड, इतक्याच पत्त्यावर. चित्रातल्या चौकात कोपऱ्यावर पाववाल्याचं दुकान आहे, ते अजून चालतं का, अशी चौकशी. सात महिन्यांनी तिथल्या कुणा कारकुनाचं इंग्रजीत उत्तर आलं, की चौक लढाईत जळाला, पाववाल्याविषयी नोंद सापडत नाही, आस्थेबद्दल आभारी आहोत. मास्तरांनी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं, "मिडलबर्ग येथे आग."

मुख्याध्यापकांनी विचारलं, "कोण असतं तुमचं तिथं?"

"ओळखीचे लोक आहेत," मास्तर म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले.

मास्तरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी सत्कार समिती नेमली. सत्कार हा आमच्या गावचा आवडता खेळ. त्यात सत्कारमूर्तीला विचारायची पद्धत नाही. समितीत पुढाकार बंडू चौगुलेचा होता. बंडूचा महाद्वार रोडला फोटो स्टुडिओ होता आणि काळ्यापांढऱ्या फोटोंना हातानं रंग भरण्यात त्याच्या तोडीचा माणूस जिल्ह्यात नव्हता. लोक आपल्या वडिलांचे, आज्यांचे पिवळे पडलेले फोटो त्याच्याकडे आणत आणि तो ते "ताजे" करून देई. लाल फेटा, गुलाबी गाल, पिवळाधमक जरीकाठ. वर्षश्राद्धाच्या आधी बापाचा फोटो ताजा करून घेतला नाही तर भाऊबंद नावं ठेवत. देवाला नवा शेंदूर, देवळाला नवा रंग, बापाला नवे गाल. वडीलधाऱ्यांना उडालेल्या रंगात ठेवणं हा आमच्याकडे कृतघ्नपणा समजतात.

समितीच्या बैठकीत शाल, श्रीफळ, चांदीचं ताट अशी चर्चा चालू असताना बंडू उभा राहिला. "ताटाचं काय करणार सर? त्यांचा जीव हाय त्या चित्रांत. आणि चित्रं बघवत न्हाईत ओ आता, पार उडाल्यात. माझ्या बापाचा फोटो मी तसा ठेवला असता तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. आम्ही पोरं मिळून ताजी करतो, फ्रेमा घालून देतो. सरांना कळूसुदीक द्यायचं न्हाई."

टाळ्या झाल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "कल्पना उत्तम!" आणि मत घेतलं. मी समितीचा चिटणीस होतो. निळ्यावरची बाई मला माहीत होती. त्या खोलीत ती माहीत असलेला मी एकटाच होतो. मी हात वर केला. मला वाटलं, काचा घालतील, धूळ पुसतील. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. बैठक सव्वादोन तास चालली होती आणि हात वर केल्यावर ती संपणार होती.

शिवाय चित्रं आणायला मीच गेलो. मास्तर दर मे महिन्यात आठ दिवस पन्हाळ्याला जाऊन झाडं काढत बसत, तेवढ्यात हे उरकायचं होतं. वहिनी घुटमळल्या. "त्यांना विचारल्याशिवाय?"

"आश्चर्याचा धक्का द्यायचाय, वहिनी."

"धक्का बसेल हो," त्या म्हणाल्या, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून पाकीट माझ्या हातात दिलं. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मास्तर आदल्या दिवशीच गडावरून आले होते आणि घरात रंगसफेदीचं निमित्त सांगून वहिनींनी त्यांना कपाटापाशी जाऊ दिलं नव्हतं. प्रमुख पाहुणे एक कारखानदार होते. त्यांनी पाऊण तास स्वतःच्या बालपणावर भाषण केलं, त्यात मास्तर दोनदा आले. मग बंडूनं दोरी ओढली, पडदा सरकला आणि भिंतीवर तेवीस चित्रं उभी राहिली.

मी ती त्याच क्षणी पहिल्यांदा बघितली. तेवीस गावांत एकाच वेळी सूर्यास्त होत होता. आभाळ नारिंगी, पाणी कपड्यांना घालायच्या निळीसारखं, छपरं डाळिंबी. पुलावरून जाणाऱ्या एका पाद्र्याच्या गालांवर लाली होती. देवांच्या तसबिरींच्या मापाच्या फ्रेमा घाऊक आणल्या होत्या आणि त्यांत बसावीत म्हणून चित्रांचे समास कापले होते. गावांची नावं समासाबरोबर गेली होती. आणि काम इतकं सफाईदार होतं, की तेवीस चित्रांत मिळून रंग एका रेघेबाहेर गेला नव्हता. बाईनं भिंतीवर चढवलेलं पाणी बंडूनं खाली उतरवलं होतं.

"हुबेहूब स्वित्झर्लंड," पाहुणे माझ्या कानाशी म्हणाले. "आम्ही जाऊन आलोय."

मास्तर खुर्चीतून उठले. हात मागे बांधून पहिल्या चित्रापासून चालू लागले. प्रत्येकापुढे सारखाच वेळ थांबत होते, परीक्षेचे कागद बघावेत तसे. अकराव्या की बाराव्या चित्रापुढे, नाव नसलं तरी चौकावरून मी मिडलबर्ग ओळखलं, ते जरा जास्त थांबले. मग बाकीची बघून ते माइकपाशी आले. त्यांनी बंडूकडे बघितलं, बंडूच्या मागे उभ्या असलेल्या पाच-सहा जणांकडे बघितलं. सगळ्यांच्या नखांत अजून रंग होता.

"मुलांनी," मास्तर म्हणाले आणि थांबले. "मुलांनी कष्ट घेतलेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बंडूनं डोळे पुसले आणि शेजारच्याला म्हणाला, "शाळेत असताना मला सर हेच म्हणायचे. परत्येक वेळी."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. फ्रेमा भिंतीशी रांगेनं टेकवल्या होत्या. मास्तर घडवंचीवर बसले होते.

"तुम्ही होतात समितीत?"

"होतो."

"हात वर केलात?"

"केला."

वहिनींनी चहा आणला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. पुढची दोन-अडीच वर्षं त्यांनी मला चहा असाच दिला.

"मास्तर, बंडूला सांगू या," मी म्हणालो. "त्याला कळू तरी दे."

"काय सांगायचं?" त्यांनी एक चित्र उचललं आणि उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. सुबक वळणदार अक्षरांत तिथं "बं. चौगुले" असं होतं. तेवीसही चित्रांवर होतं. "साहेबाला सही करा म्हणालो. यानं केलीच आहे. मीच शिकवलं होतं, आपल्या कामाखाली सही करावी." मग म्हणाले, "आणि शंभर वर्षांपूर्वी पोटासाठी निळा लावणारी ती बाई, ती तरी कोण होती? चौगुलेच होती की. तिला जपायचं आणि ह्याला हाकलायचं, ते कोणत्या तोंडानं?"

त्यांनी चित्र परत भिंतीशी टेकवलं.

चित्रं भिंतीवर लावावी लागली. न लावून चालणार नव्हतं, पोरं येत-जात होती. रविवारचं एक गाव बंद झालं. रामा गवळी म्हणाला, "आता समदीच भायेर हाईत, मग रविवारी काय बघायचं?"

मी पुढे हातकणंगल्याच्या शाळेत गेलो. मास्तरांना शेवटचं बघितलं ते एका दसऱ्याला. सोनं द्यायला गेलो तेव्हा ते भिंतीशी उभे होते, भिंग डोळ्याला लावून. मला बघताच त्यांनी खूण करून जवळ बोलावलं.

"हे डॉर्ड्रेख्ट. वरून तिसरी खिडकी. बघा."

मी भिंगातून बघितलं. डाळिंबी छपराखाली, नारिंगी उजेडात, तांदळाच्या दाण्याएवढी एक खिडकी होती. तीत एक बाई फडकं झटकत होती. फडक्याचा रंग विटका निळा होता, उडालेला, आणि तो खिडकीची चौकट ओलांडून भिंतीवर गेला होता.

"राहिली," मास्तर हळू म्हणाले. "त्यांचा ब्रश पोचला नाही. तेवीस गावांत एवढीच. मला सापडायला दोन वर्षं लागली."

त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगणं कठीण आहे. मुलाला वरचा शेरा देताना ते असे दिसत.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. बंडू चौगुले, बायको, दोन मुलं, हातात आपट्याची पानं. "सोनं घ्या सर!" मुलांना त्यानं भिंतीपुढे उभं केलं. "बघा रं, हे समदं तुमच्या बापानं रंगवलंय." मग त्याला मास्तरांच्या हातातलं भिंग दिसलं. "काय बघत होता सर? काय राहिलंय व्हय कुठं? सांगा की, रंगपेटी दुकानातच हाय. आत्ता आणतो."

"काही राहिलेलं नाही," मास्तर म्हणाले. भिंग खिशात, चिटोऱ्यांत गेलं, आणि ते दोन पावलं मागे सरकून डॉर्ड्रेख्टला पाठ लावून उभे राहिले.

"बसा की सर. उभं का?"

"उभाच बरा आहे."

वहिनींनी चहा आणला. सगळे बसले. मास्तरांनी कप उभ्यानंच घेतला. बंडू स्टुडिओच्या नव्या कॅमेऱ्याबद्दल सांगत होता, मुलं फ्रेमा मोजत होती, आणि धाकटा या बाजूनं डोकावला की मास्तर हळूच त्या बाजूला कलत होते. मला गाडी गाठायची होती. मी उठलो, त्यांना सोनं दिलं. त्यांनी एका हातात कप धरून दुसऱ्या हातानं पानं घेतली, पण दारापर्यंत पोचवायला काही आले नाहीत.

रस्त्यावरून खिडकीतून मी एकदा मागे बघितलं. चहा संपला होता, बंडूचं बोलणं संपलं नव्हतं, आणि मास्तर रिकामा कप हातात घेऊन भिंतीला पाठ लावून तसेच उभे होते.